येतो म्हणालेला माणूस

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चिकू या फळाविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवून मी या मुक्कामाची रोजनिशी सुरू करतो. ज्या फळाला संस्कृतात नाव नाही, ज्याच्यावर एकाही कवीने अर्धा श्लोक खर्च केलेला नाही, ते फळ सभ्य माणसाने वर्षातून एखाद्या वेळी, कुणाच्या तरी घरी, नाइलाजाने खावे. मला मात्र आल्या आल्या चहाबरोबर चिकू मिळाला, जेवणावर चिकू मिळाला, आणि हे लिहितो आहे तर कोपराशी बशी आहे. बशीत काय आहे ते मी सांगणार नाही.

बाकी आगमन उत्तम. बोईसर स्टेशनाबाहेर प्रणव सावे स्वतः गाडी घेऊन उभा होता. तिथल्या हवेला कारखान्यांमुळे खोकल्याच्या औषधाचा वास येतो. पण गाडी समुद्राच्या दिशेला लागली की नारळ सुरू होतात आणि चिंचणी येईपर्यंत नाक माणसात येते. घर चिकू-नारळाच्या वाडीच्या मधोमध आहे. कौलारू, पण आत चकचकीत फरशी, इन्व्हर्टर आणि भिंतीएवढा टीव्ही. प्रणवचे आजोबा मेजर रामनाथ सावे यांनी ते महायुद्धावरून परतल्यावर बांधले. आजोबांवर आणि त्यांच्या तलवारीवर एक लहानसे पुस्तक करून द्यायचे, हे माझे काम. वाईच्या शाळेत संस्कृत शिकवणे संपल्यापासून मी लोकांचे आजोबा लिहितो. ते विद्यार्थ्यांपेक्षा शांत असतात.

प्रणव बायकोमुलासह बोईसरला राहतो. इथे त्याच्या आई, आनंदीबाई, एकट्याच. पासष्टीच्या आसपास, बोलायला गोड, आणि माझ्याकडे अशा बघतात की जणू मी फार दिवसांनी आलेली पोस्टाची मनीऑर्डर आहे.

महिनाअखेरीला मला वाईत असायलाच हवे. मार्गशीर्षात उन्नतीचे लग्न. आडनाव अष्टपुत्रे आणि अपत्य एकच, तीही मुलगी. तिची आई नाही. कन्यादानाला मी नसलो तर भटजी कुणाच्या हातावर पाणी सोडणार?

१३ नोव्हेंबर, बुधवार

तलवार पाहिली. दिवाणखान्यात मेजरसाहेबांच्या फोटोखाली दोन खुंट्यांवर आडवी असते. इंग्रजी अमदानीतल्या पायदळ अधिकाऱ्याची, सरळ पात्याची. म्यान तपकिरी चामड्याचे. मुठीला मुशी माशाचे खरखरीत कातडे आणि त्यावर तारेचे वेढे, हात घसरू नये म्हणून. पात्यावर वेलबुट्टी. गंज नाही. फक्त म्यानाच्या टोकाशी वाळलेल्या चिखलाचा एक पापुद्रा आहे, तो मी नखाने काढला आणि उगीचच चाखून पाहिला. खारट. समुद्राकाठच्या घरात सगळेच खारट असणार.

मेजरसाहेबांची हकीकत अशी. मुंबईत कॉलेज, मग लढाईच्या सुरुवातीला फौजेत तातडीचे अधिकारीपद. ब्रह्मदेशातून फौज मागे हटली तेव्हा हे कॅप्टन होते. चिंदविन नदी होड्यांनी ओलांडायच्या एका ठिकाणी यांची तुकडी सगळ्यात शेवटी राहिली. मागून जपानी येत होते, आणि होड्यांचा तो धक्का यांनी मागची माणसे पार होईपर्यंत धरून ठेवला. त्याबद्दल पदक. पुढे इंफाळ, पुढे मेजर. लढाईनंतर काही वर्षे दिल्लीला जाणे-येणे, सत्कार, संचलने. मग एका उन्हाळ्यापासून साहेबांनी चिंचणी सोडली नाही ती सोडलीच नाही. मुंबईला मोतीबिंदू काढायलासुद्धा गेले नाहीत. वाडीचा लळा होता, असे आनंदीबाई म्हणाल्या.

एक गाठ सुटत नाही. माघारीच्या गडबडीत तलवार ब्रह्मदेशातच राहिली होती. मग ती इथे कशी? आनंदीबाई म्हणाल्या, आणून दिली गेली. कोणी? तर म्हणे, दिली गेली. कर्मणि प्रयोग हा चरित्रकाराचा जुना शत्रू आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

या घराला निरोप घेण्याची रीत नाही. प्रणवची बायको रिद्धी दुपारी औषधे घेऊन आली, सासूशी हसली, बोलली, आणि बोलता बोलता पाठ फिरवून चालू लागली. दूधवाला तसाच. वाडीत काम करणारी मेघाली तशीच. सगळी माणसे अर्ध्या वाक्यातून उठून गेल्यासारखी जातात.

आमच्यात जाताना ‘जातो’ म्हणत नाहीत. जाणारा गेला असा अर्थ नको, म्हणून ‘येतो’ म्हणायचे. मराठीतला हा एकच वर्तमानकाळ असा, की तो उच्चारताना माणूस नेमके उलटे करत असतो. मी आनंदीबाईंना म्हटले की तुमच्या घरच्यांना एवढी एक क्रिया शिकवायला मला आणखी एक पुस्तक काढावे लागेल. त्या हसल्या नाहीत. आमच्यात म्हणत नाहीत, एवढेच म्हणाल्या, आणि पुढे काही सांगणार अशा थांबल्या. मग चिकू कापायला गेल्या.

नातू बोईसरला, रिक्षाने अर्ध्या तासावर. या बाईंनी त्याचे घर अजून पाहिलेले नाही. गुडघे, म्हणाल्या. पण माडाच्या झावळ्या त्या माझ्यापेक्षा झपझप ओढतात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गंमत. सकाळी समुद्रावर फिरायला निघालो. घराला शिष्टाचार शिकवावा म्हणून तलवारीसमोर उभा राहिलो, टाचेला टाच लावली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, “मेजरसाहेब, येतो.”

आनंदीबाई दारात सुपात तांदूळ घेऊन उभ्या होत्या. त्या सुपासकट खाली बसल्या. मला वाटले चक्कर आली. त्यांनी विचारले, काय म्हणालात सर? मी पुन्हा म्हणालो. त्या सुपातले तांदूळ बोटांनी चाळत राहिल्या. डोळे भरलेले. मग म्हणाल्या, सांभाळून जा, ऊन आहे.

परत आलो तर शिरा केला होता. बदाम घालून. कारण विचारले तर, सहज.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गुडघे एका रात्रीत बरे झाले. आनंदीबाई नातवाला भेटायला बोईसरला गेल्या. नेसल्या होत्या ठेवणीतले लुगडे, पण चपला उलट्या पायांत घातल्या आणि पुन्हा बदलल्या. फाटकापर्यंत गेल्या, एक पाय बाहेर टाकला, तसाच ठेवला. माणूस पाणी किती गार आहे ते बघतो तसा. मग दुसरा टाकला. आणि एकदम रस्त्यावरून परत येऊन माझ्या पाया पडल्या. मी त्यांच्यापेक्षा लहान. मी संकोचून बाजूला झालो. काही न बोलता गेल्या.

संध्याकाळी प्रणवचा फोन आला की आई काही दिवस तिकडेच राहील. जेवण मेघाली करून ठेवेल. मागे मुलाच्या ओरडण्याचा आणि बाईंच्या हसण्याचा आवाज येत होता. त्या इतक्या मोठ्याने हसत असतील असे वाटले नव्हते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

चष्म्याची दांडी तुटली म्हणून पालघरला निघालो. चिराग नावाच्या रिक्षावाल्याची रिक्षा ठरवली. वाटेत डुलकी लागली. जाग आली तर रिक्षा याच फाटकाशी उभी. मी चिडलो. चिराग माझ्याहून चिडलेला. म्हणाला, “सर, आप ही तो बोले, वापस लो, किसी को बोल के आया हूँ.”

असे काही बोलल्याचे मला आठवत नाही. झोपेत बोलत असेन. उन्नतीची आई म्हणायची तसे.

दांडीला दोरा बांधला आहे. मला तो शोभतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

या वेळी रिक्षात जागा राहिलो. बोईसर आले, स्टेशन दिसले, पैसे दिले, जिना चढू लागलो. पुलावरून पलीकडे उतरलो ते वाडीच्या मागच्या दारात. हातात तिकीट होते. पालघरचे.

हे मी सावकाश लिहितो आहे, कारण मी दारू पीत नाही आणि मला तापही नाही. जिन्याच्या पायऱ्या लोखंडी होत्या. शेवटची पायरी चिऱ्याची होती, विहिरीजवळची. मधे काही नव्हते.

दिवाणखान्यात आलो तर तलवार ओली. मुठीतून खाली फरशीवर पाणी टिपटिपत होते. भर दुपारी, कोरड्या भिंतीवर.

आनंदीबाईंना फोन केला. मागे चालू असलेला टीव्ही त्यांनी आधी बंद केला. मग म्हणाल्या, “सर, मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही म्हणालात, आणि मला इतकं हलकं वाटलं, की मग मला सांगवेना.”

काय सांगायला हवे होते, ते त्या बोलल्याच नाहीत. रडत होत्या. शेवटी प्रणवने फोन घेतला आणि म्हणाला, काका, रस्त्यावर सुकी मासळी घेऊन जमनाबाई येतील, इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या. त्यांना विचारा. आणि आमच्याबद्दल वाईट मानू नका.

कालपर्यंत प्रणवला मी ‘सर’ होतो. आज काका झालो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जमनाबाई भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, डोक्यावर बोंबलांची पाटी. फाटकाच्या आत येईनात. मी आत, त्या बाहेर, असे बोललो. मला पाहून पहिले वाक्य हे: “मास्तर, तू बोललास ना ‘येतो’? आनंदी सुटली ती बगितली मी. मग तवाच समजले, कोनीतरी बोलला.”

त्यांचा मामा दादू मेजरसाहेबांच्या तुकडीत शिपाई होता. होडी चालवणारा माणूस, म्हणून नदीच्या धक्क्यावर सायबाने त्याला ठेवला. बाकीचे पार झाले. शेवटची होडी निघताना सायबाने आपली तलवार त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, येतो रे दादू. त्याच तुकडीतून परतलेल्या माणसाने हे नवापूरला येऊन सांगितले.

मी म्हटले, साहेबांनी फसवले नसेल. घरून निघताना म्हणतात तसे सवयीने म्हणाले असतील. जमनाबाई म्हणाल्या, असेल. “पन तो बिचारा काय समजणार? सायेब तलवार देऊन गेला, मंजे सायेब येणार. तो तितंच उबा रायला.”

होड्या परत गेल्या नाहीत. पलीकडून गोळ्या आल्या. साहेबांना पदक मिळाले.

मग लढाई संपून कितीतरी वर्षांनी, एका उन्हाळ्यात टळटळीत दुपारी, जमनाबाईंच्या आईने दादूला नवापूरच्या रस्त्याने येताना पाहिले. अंगावरून पाणी गळत होते, हातात तलवार. तिने हाक मारली. तो स्वतःच्या घरी थांबला नाही. सरळ चिंचणीला गेला, या ओट्यावर तलवार ठेवली. त्या दिवसापासून साहेब वाडीबाहेर पडले नाहीत. लांब निघाले तरी वाटेतूनच परत इथेच.

त्या म्हणाल्या, “तो वाईट नाय. मारत नाय, खात नाय. ‘येतो’ बोलला की आनतो परत, येवडंच. कोनी खोटा पडू नये बोलते तो.”

साहेब वारल्यावर त्यांचा मुलगा, आनंदीबाईंचा नवरा, एकदा ‘येतो’ म्हणून निघाला आणि अडकला. एकच माणूस लागतो त्याला. दुसरा कोणी या घरातून ‘येतो’ म्हणाला की पहिला सुटतो. मुलगा आजारी पडला तेव्हा त्याला पालघरच्या दवाखान्यात नेणारी गाडी सारखी इथेच परत येत होती. शेवटी आनंदीबाई मुद्दाम तलवारीसमोर गेल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांना घेऊन येते. नवरा दवाखान्यात पोचला. तिथे वारला. बाईंना त्याचे शेवटचे पाहायला जाता आले नाही.

मी विचारले, आता मी काय करू? जमनाबाईंनी पाटी नीट केली. म्हणाल्या, बोंबील घे, आज चांगले हायेत. आणि काही न म्हणता गेल्या.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

तलवार खाडीत नेऊन टाकली. ती बुडताना पाहिली. घरी आलो तर खुंट्यांवर होती, आणि म्यानाच्या टोकाला ताजा चिखल. इथल्यासारखा काळा नाही. पिवळट. नदीचा.

दादू दिसू लागला आहे. दुपारी, वाडीच्या टोकाला, विहिरीच्या कट्ट्यापलीकडे. पाठमोरा. खाकी अर्धी चड्डी, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, अनवाणी. रस्त्याकडे तोंड. पहारेकरी उभा राहतो तसा, एका पायावर भार न देता. मेघालीला विचारले तर म्हणाली, मी तिकडे बघतच नाही सर. तुम्हीपण बघू नका.

उन्नतीचा फोन. साडीच्या काठाचा रंग ठरेना. मी म्हटले, मोरपंखी. माझा आवाज मला बरा वाटला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज अक्कल चालवली. संस्कृतात ‘गम्’ म्हणजे जाणे. त्याच्या आधी नुसता ‘आ’ जोडला की जाणारा माणूस येणारा होतो. एका स्वराचा खेळ. मग ‘येतो’ने जे बांधले ते ‘जातो’ने सुटेल, नाही का? जो शब्द या देशात कुणी उंबऱ्यावर उच्चारत नाही तोच उच्चारायचा. मी तलवारीसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “जातो.”

काही झाले नाही. फाटकातून निघालो. कुणी अडवले नाही. पावले हलकी होती. किनाऱ्याने तारापूरच्या दिशेने चाललो होतो, अणुशक्तीच्या इमारती दिसत होत्या, ओहोटी होती, वाळू घट्ट. मन इतके मोकळे होते की मी मंगलाष्टके म्हणत होतो. लग्नात म्हणायची आहेत.

मग तोंडात पाणी गेले.

छातीपर्यंत पाण्यात होतो. समोर काही नव्हते. किनारा मागे, लांब. आणि पाय चालतच होते, माझे पाय, आनंदाने. शब्दाचा जो अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, ज्यासाठी तो टाळतात, तोच अर्थ मला मिळत होता. वाळूवर दादू उभा होता. इकडे पाठ करून. वाट पाहत असल्यासारखा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहितो. येतो, येतो, येतो.

पाय फिरले.

२५ नोव्हेंबर

अंग दुखते. ऊन असून थंडी.

येतो म्हटले तर इथे. जातो म्हटले तर तिथे. न बोलता निघून पाहिले, तरी इथेच. एकदा बोललेले पुरते. पस्तीस वर्षे क्रियापदे चालवून दाखवली मुलांना. आज मीच एका क्रियापदाच्या —

मेघालीने भात ठेवला आणि खिडकीतून बोलली. उंबऱ्याच्या आत येत नाही आता.

२६ नोव्हेंबर

तो विहिरीच्या अलीकडे आला आहे.

उन्नतीला सांगितले, ताप आहे, उशीर होईल. ती म्हणाली, बाबा, तुमचा आवाज असा काय येतोय. मी म्हटले, चिकूमुळे. ती हसली नाही.

प्रणवला फोन केला. उचलत नाही.

मेघालीला सांगून कुणाला तरी बोलवावे — पोस्टमन, वायरमन, कुणीही — निघताना म्हणतीलच ना. सवयीने. या विचाराला मी दुपारभर कुरवाळत बसलो. वायरमन आला होता खरोखर. तरुण, नवापूरचाच. मी त्याला चहा दिला, बोलण्यात गुंतवला. काम झाले, उठला, मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि गप्पपणे पाठ फिरवली. त्याला घर माहीत होते.

मी किती निराश झालो. तेव्हा समजले की मी काय करत होतो.

२७

उन्नती येते म्हणाली. इकडे. मला न्यायला.

नको म्हटले. तीनदा म्हटले. ती म्हणाली, तुम्ही काहीतरी लपवताय, मी येतेच. फोनवर म्हणालेले धरत नाही बहुधा. या घरातून निघताना म्हणावे लागते.

ती लहान होती तेव्हा शाळेत निघताना मुद्दाम ‘जाते’ म्हणायची. मला चिडवायला. मी तिला उंबऱ्यावरून परत बोलवायचो. ‘येते’ म्हणेपर्यंत सोडायचो नाही. आता तिच्या जिभेला दुसरा शब्द ठाऊकच नाही. मी लावलेली सवय आहे ती. चांगली लागली आहे.

२८

निरोप लिहून ठेवला आहे मोबाइलवर. “या घरातून निघताना येते म्हणू नकोस, काही झाले तरी.” पाठवायचा आहे. एक बोट लावायचे.

पाठवला की ती मला वेड लागले म्हणेल. म्हणू दे. पण म्हणणार नाही तो शब्द, इतपत ती माझे ऐकते.

आणि मग मी इथे. लग्न तिथे. मग पुढचे सगळे —

तो ओट्याच्या पायरीशी उभा आहे. पाठमोराच. मानेवरून पाणी उतरते आहे, ते थांबत नाही. तलवार कधी खाली आली? माझ्या मांडीवर आहे. मुठीचे कातडे हाताला चिकटते.

निरोप पाठवलेला नाही.

आज

बोईसरला उतरली म्हणून फोन आला. पोचतेच.

अजून वेळ आहे. फोनवर सांगता आले असते. मी म्हटले, ये. सावकाश ये.

आनंदीबाई म्हणाल्या होत्या, सांगवेना. मी मनात त्यांना शिव्या दिल्या. त्या नवऱ्यासाठी म्हणाल्या होत्या तो शब्द, स्वतः होऊन. मी —

रिक्षा थांबली. उन्नती. मोरपंखी ओढणी. फाटक उघडून आली अंगणात, हात हलवते आहे, बाबा केवढे वाळलात म्हणते आहे. पायरीशी थांबली. दादूच्या अगदी शेजारी. तिला दिसत नाही. पर्स रिक्षात राहिली म्हणते — वळली — आणि त्याने मान फिरवली, पहिल्यांदाच, तिच्याकडे. तोंड साधे आहे. आशेने भरलेले. माझे तसेच असेल.

ती थांबली आहे. मला काही सांगून निघणार. मोबाइल हातात आहे, तोंड उघडे आहे, ओरडले तर ऐकू जाईल इतकी जवळ आहे, आणि मी लिहीत बसलो आहे. मला दादूची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती याची, की ती म्हणाली तर मला बरे वाटेल, आणि म्हणूनच मी अजून —